गोव्याची मीटिंग आणि संध्याकाळचा फोन



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. कारण सांगते. मी गोव्याला जाऊन आले!

हसू नका. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि आमच्या घरात ‘सहल’ या शब्दाचा अर्थ क्षेत्र. कचनेर, पैठण, नेमगिरी, कुंथलगिरी. सुट्टी लागली की डबा बांधायचा, अभिषेकाच्या वेळेला पोहोचायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. मला त्याची तक्रार नाही, पण समुद्र मी फक्त टीव्हीवर पाहिला होता. आपण जालन्याची माणसं. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात खरं, पण या पाळण्यातल्या बायकांचं निम्मं आयुष्य नळाची वाट बघण्यात गेलं. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे धावलेली मी. मला पाणी म्हटलं की हंडाच आठवतो.

तर झालं असं. हे एका बियाणे कंपनीत एरिया मॅनेजर आहेत. जालना म्हणजे बियाण्याचं गाव. 1964 मध्ये बारवाले साहेबांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे किती घरांची चूल या धंद्यावर पेटली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. खरीप यायच्या आधी कृषी सेवा केंद्रवाल्यांची मोठी मीटिंग असते. ज्यांनी आदल्या वर्षी माल चांगला विकला, त्यांना कंपनी कुठेतरी फिरायला नेते. या वेळी फेब्रुवारीत दक्षिण गोव्यात तीन रात्री होत्या आणि पहिल्यांदाच ‘मंडळींना आणलं तरी चालेल’ असं कळवलं होतं. खोली कंपनीची, आपलं तिकीट आपल्या खर्चाने.

यांनी जेवताना सांगितलं. मी लगेच म्हटलं, “आईंना सोडून कशी येऊ?”

सासूबाई ताटावरून मान न उचलता म्हणाल्या, “मी काय पाळण्यात आहे? धाकटी येऊन राहील. तू जा. पाणी बघून ये.”

सासूबाईंनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही आणि आता पाहणारही नाहीत. 2006 मध्ये श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला गेल्या होत्या, तेव्हा तिथेच त्यांनी दिग्व्रत घेतलं. पूर्वेला सम्मेदशिखर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर आणि पश्चिमेला नाशिकचं गजपंथा. त्यापलीकडे पाऊल नाही. समुद्र बरोबर गजपंथाच्या पुढे राहून गेला. मी एकदा विचारलंही होतं, “आई, मुंबईपर्यंत तरी ठेवायचं!” तर म्हणाल्या, “सीमा कुठेतरी घालावीच लागते ना.”

डब्याची तयारी

आपलं अर्धं सामान म्हणजे खाणं. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणून घरचं ताजं दळण बरोबर घेता आलं नाही तरी त्याच्या दशम्या, लसूण न घातलेले धपाटे, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असं सगळं केलं. वर आपली मोसंबी. पाणी गाळायचं कापड आणि दोन मोठ्या बाटल्या. यांची बॅग मीच भरते, सव्वीस वर्षं भरतेय. दर दौऱ्याला दोन डबे आणि एक पाकीट खाकऱ्याचं. परत येताना डबे रिकामे असतात, ते पाहून मला बरं वाटतं.

प्रवासाचं मात्र सुख झालं. आपली जालना-मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली, त्यानंतर लवकरच आम्ही त्यात बसलो. मुंबईला नातेवाइकांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोकण रेल्वे. रत्नागिरीच्या आसपास बोगदे मोजायला लागले आणि तीसनंतर नाद सोडला. बोगद्यातून बाहेर आलं की हिरवं, पुन्हा अंधार, पुन्हा हिरवं. फेब्रुवारीत इतकं हिरवं असू शकतं, हे मराठवाड्यातल्या डोळ्यांना पटत नाही. मडगावला उतरलो तेव्हा अंगाला घाम आणि हवेला माशांचा वास. मी पदर नाकाला लावला. हे म्हणाले, “दोन तासांत सवय होते.” झालीही.

पहिली भेट

आमच्याबरोबर डीलर मंडळींच्या दहा-बारा बायका होत्या. परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन अशा ठिकाणच्या. पुरुष मीटिंगच्या हॉलमध्ये गेले आणि आम्ही सगळ्या घोळक्याने किनाऱ्यावर. चपला हातात. कुणी साडीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये. समोर ते पाणी! मैत्रिणींनो, मी वर्णन करणार नाही, मला जमणार नाही. इतकंच सांगते की आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो आणि दहा-बारा मराठवाडी बायका एकदम गप्प होणं सोपं नाही.

मग पहिली लाट पायाखालून वाळू ओढून घेऊन गेली आणि सगळ्या किंचाळल्या. मंठ्याकडच्या एक साठीच्या मावशी नऊवारीचा काष्टा घट्ट करून गुडघाभर पाण्यात गेल्या. ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि थुंकलं.

“एवढं पाणी,” त्या म्हणाल्या, “आन् एक घोट बी पिता येईना. देवानं टँकर पाठवला, पण मीठ टाकून.”

आम्ही इतक्या हसलो की बाजूचे परदेशी लोक बघायला लागले.

मी घोट्यापर्यंतच गेले. एक तर भीती आणि दुसरं म्हणजे लहानपणी पाठशाळेत पाठ केलेलं डोक्यात. पाण्याचे जीव, वाळूतले जीव. मजेसाठी त्यांच्यात धिंगाणा घालायचा का? अनर्थदंड म्हणतात तो हाच ना? पण पायाला लागणारं ते पाणी इतकं चांगलं वाटत होतं की पाय मागेही घेववेना. मी तशीच उभी राहिले, खूप वेळ.

सकाळची वाळू

दुसऱ्या दिवशी हे सकाळी आठलाच मीटिंगला गेले. त्याआधी सामायिक आटोपून मी एकटीच किनाऱ्यावर फिरून आले. ओहोटी होती. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी होती, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आणि प्रत्येक नक्षीच्या मधोमध एक भोक. खाली बसून पाहिलं तर इवलेसे खेकडे. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवतात. माझी सावली पडली की सगळे आत. मी हलले नाही की पुन्हा बाहेर, पुन्हा कामाला. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. मला तर आपला रोजचा स्वयंपाकच आठवला.

मग शंख दिसला. बोटाएवढा, पांढरा, तपकिरी रेषांचा. उचलावासा वाटला, नातीसाठी. पाठशाळेत आपण सगळ्यांनी म्हटलंय, दोन इंद्रियांचे जीव कोणते, तर शंख, शिंपले, अळी. हा रिकामा दिसत होता. हात पुढे केला आणि शंख चालू लागला! आत खेकडा होता. ते खेकडे रिकामे शंख शोधून त्यात राहतात आणि अंग वाढलं की दुसरा मोठा शंख शोधतात. म्हणजे आपण ‘रिकामा’ म्हणून उचलतो ते कुणाचं तरी होणारं घर. मी फोटोही न काढता उठले.

मीटिंगमधली गोष्ट

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

आमच्या घरी एक पद्धत आहे. हे दौऱ्यावर असले की संध्याकाळी फोन येतो. सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसलेल्या असतात. फोन स्पीकरवर. “आई, जेवण झालं, दिवस असतानाच.” सासूबाई म्हणतात, “बरं.” मग त्या माळ हातात घेतात. रात्रिभोजन त्यागाचा नियम यांनी लग्नाआधीच घेतलेला. त्या फोनवर आमच्या घरचा दिवस संपतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी एक तरुण डीलर माझ्या शेजारी येऊन बसला. चांगला मुलगा, मनात काही नाही. म्हणाला, “वहिनी, साहेबांसारखा माणूस नाही. मागच्या खरिपात बोंडअळीच्या वेळी आमच्या गावात रात्री साडेदहापर्यंत शेतकऱ्यांना समजावत होते. मग आमच्याच घरी जेवले. आईच्या हातची भाकरी त्यांना फार आवडते.”

मी हसून “हो का” म्हटलं. हातातला कप खाली ठेवला तेव्हा बशीत चहा सांडला.

त्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत ताट मांडून बसले होते. स्वयंपाकघरातला आचारी भला माणूस. मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, तर त्याने वेगळ्या पातेल्यात मुगाचं वरण आणि भात पाच वाजताच करून दिला होता. सव्वासहा झाले. बाहेर समुद्रावर सूर्य लाल होऊन टेकायला आला. मी एकटी जेवले. साडेसहाच्या सुमारास तो बुडाला. तेवढ्यात खिडकीखालून यांचा आवाज आला. फोनवर बोलत होते. “हो आई. झालं जेवण. दिवस असतानाच.”

रात्री नऊला हे खोलीत आले. मी म्हटलं, “चला, फिरून येऊ.”

किनाऱ्यावर अंधार होता, लाटांचे पांढरे काठ तेवढे दिसत होते. मी विचारलं, “अहो, किती वर्षं झाली?”

त्यांनी “कशाला?” असं विचारलं नाही. बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “बारा-तेरा असतील. पहिली काही वर्षं पाळला. डबा काढून गाडीत खायचो. पण शेतकरी रानातून येतो अंधार पडल्यावर. मेळावा तेव्हाच होतो. त्याच्या घरची बाई भाकरी थापून बसलेली असते. नाही म्हणताना एकदा एका म्हातारीचा चेहरा पाहिला आणि पुढच्या वेळी नाही म्हणवलं नाही.”

“आणि डबे रिकामे?”

“ड्रायव्हर आणि मी दुपारी खातो.”

“मग आईंना खोटं का?”

“तिचा दिवस त्या फोनवर संपतो गं. तो कसा मोडू?”

मला राग जेवणाचा आला नव्हता. खरंच नव्हता. राग याचा, की तेरा वर्षं मी त्या स्पीकरशेजारी बसून मनातल्या मनात म्हणत आले, माझा नवरा किती नेमाचा! बहिणींना, जावांना सांगत आले. मी हे बोलून दाखवलं, बरंच बोलले. लाटांच्या आवाजात मोठ्याने बोललं तरी चालतं, हा समुद्राचा एक फायदा.

मग ते म्हणाले, “तूही सांगायचीस ना, सगळं ठीक आहे म्हणून? आईचा पाय मोडला तेव्हा तू मला चार दिवसांनी सांगितलंस.”

मी गप्प झाले. खरं होतं ते. तेव्हा हे विदर्भात दौऱ्यावर होते. मी एकटीने सगळं केलं आणि फोनवर म्हटलं, ठीक आहे. पाणी आठ-आठ दिवस यायचं नाही तेव्हाही म्हटलं, ठीक आहे. मुलीच्या परीक्षेत, माझ्या तापात, सगळं ठीक. म्हणजे त्या एका फोनवर दोन्हीकडून खोटंच बोललं जात होतं. प्रेमानेच, पण खोटं. आपल्या पाच अणुव्रतांत जेवणाच्या वेळेचं व्रत नाही, सत्याचं मात्र आहे. हे मला त्या रात्री अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुचलं.

बांदिवडे

तिसऱ्या दिवशी मीटिंग दुपारीच संपली. बाकीचे बोटीवर गेले. आम्ही गाडी करून फोंड्याजवळ बांदिवड्याला गेलो. नागेशीच्या जवळच जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत, नेमिनाथांची बस्ती. विजयनगरच्या काळात ती नांदती होती. डिचोली तालुक्यात कुडणे गावातही अशी एक जैन वास्तू आहे. एके काळी गोव्यात आपली वस्ती होती, हे मला माहीतच नव्हतं. आपण गोवा म्हणजे चर्च आणि किनारे एवढंच धरतो.

आता तिथे जांभ्या दगडाच्या भिंती उरल्यात. छप्पर नाही, पूजा नाही. भोवती झाडी आणि पक्ष्यांचा आवाज. आम्ही दोघांनी उभ्यानेच णमोकार म्हटला. आणि मला एकदम आठवलं, नेमिनाथांचं लांछन शंख! नेमगिरीला कितीदा दर्शन घेतलं, पण शंख हा समुद्रातला जीव आहे हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. ज्यांनी लग्नाच्या वरातीत बांधलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरवला, त्यांच्या पायाशी शंख. बरं झालं, तो उचलला नाही.

परत येऊन आम्ही दोघे वाळूवर बसून पावणेसहाला जेवलो. शेवटच्या दोन दशम्या, चटणी, एक शहाळं आणि मोसंबी. सव्वीस वर्षांत आम्ही दोघांनीच, तिसरं कुणी नसताना, असं बसून जेवल्याचं मला आठवत नाही. मग सूर्य बुडाला. त्या वेळी मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. हेही आले. मजा वाटली. ती लपवत नाही. भोगोपभोगाचं परिमाण सांगितलंय, म्हणजे माप. आणि माझं माप सव्वीस वर्षांत गुडघाभर पाण्याने ओसंडलं असेल असं मला वाटत नाही.

फोन त्यांनी लावला. “आई, आज खरंच दिवस असताना जेवलो.” तिकडे क्षणभर काहीच नाही. मग “बरं.”

मी मध्येच म्हटलं, “आई, लाटांचा आवाज ऐकवू?” तर हसून म्हणाल्या, “नको गं. सीमेपलीकडून आवाज मागवायचा, म्हणजे आनयन झालं. तू आलीस की सांग. सांगितलेलं चालतं.” तो अतिचार देशव्रताचा, दिग्व्रताचा नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. पण त्यांचा हिशेब नेहमी एक बोट आतला.

घरी

आल्यावर यांनी स्वतःच सांगितलं. मी स्वयंपाकघरात थांबले होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरातून आल्यावर म्हणाल्या, “मला वाटायचंच. भरल्या पोटाचा आवाज वेगळा असतो, तुझा उपाशी असायचा. जेवढा झेपतो तेवढा नियम घे. न झेपणारा माझ्यासाठी पाळल्यासारखा करू नकोस.”

यांनी महाराजांकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं. आता घरी असताना पूर्ण, आणि दौऱ्यावर अष्टमी-चतुर्दशीला पक्कं. फोन अजून येतो. कधी “झालं जेवण,” कधी “आज उशीर होणार.” दुसरं ऐकलं की सासूबाईंचा चेहरा अजून उतरतो. मी खोटं सांगणार नाही. पण माळ हातात घेतात. आणि मीही फोनवर सांगते, आज कंबर दुखतेय, आज नळ आला नाही.

तुम्ही निघालात तर

यांच्या कामाबरोबर तुम्हाला कधी जायला मिळालं तर चार गोष्टी सांगते.

हॉटेलात नुसतं ‘जैन’ म्हणून थांबू नका. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा आणि वेगळं पातेलं मागा. गोव्याच्या खतखत्यात कंद असतात, सोलकढीत बहुधा लसूण. कोकम सरबत आणि शहाळं निर्धास्त. स्वयंपाकघरात सकाळीच जाऊन संध्याकाळी पाचची वेळ सांगून ठेवा, आयत्या वेळी होत नाही.

पाण्यात जायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, जीवरक्षकांच्या नजरेसमोर. साडी नको, ओली साडी पायात अडकते.

शंख-शिंपले आणू नका. नातीसाठी मी काजू आणले.

आणि यांच्या मीटिंगच्या वेळात कंटाळा येईल म्हणून घाबरू नका. आपल्याला एकटीला दोन तास कुठे मिळतात? फक्त चहाच्या वेळी शेजारी कोण येऊन बसतं याचा नेम नाही.

सासूबाईंना समुद्र सांगायला मला दीड तास लागला. डोळे मिटून ऐकत होत्या. खेकड्यांची रांगोळी त्यांना सगळ्यात आवडली. शेवटी विचारलं, “आणि मंठ्याची ती बाई काय म्हणाली म्हणालीस? पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.